जपानमध्ये नवीन आहात? साध्या हॉटेलात जेवायला कसं जायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत (शाकाहारी लोकांसाठी वेगळा भाग आहे)

जपानला आल्यावर आपली बरीच मंडळी पहिले काही आठवडे घरचा डाळभात आणि कोम्बिनीतला (दिवसरात्र उघड्या छोट्या दुकानातला) ब्रेड यावरच काढतात. का, तर "भाषा येत नाही". माझं मत विचाराल तर भाषेने एवढं अडत नाही हो, अडतं ते पद्धत माहीत नसल्यामुळे. इथे प्रत्येक प्रकारच्या हॉटेलची एक ठरलेली रीत असते, कुठे पैसे आधी तर कुठे नंतर, कुठे ताट स्वतः उचलायचं तर कुठे हात पण लावायचा नाही, आणि ती रीत एकदा समजली की अक्षरशः दोन शब्दांत जेवून बाहेर येता येतं. उलट जपानी बऱ्यापैकी येत असूनही रीत माहीत नसेल तर माणूस दारातच घुटमळतो. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, "भाऊ यात जरा तिखट कमी, कांदा नको, आणि ते वरचं काढून द्या" हा आपला खाक्या इथे चालत नाही. पदार्थ जसा मेनूवर आहे तसाच येतो. हे पचलं की निम्मं काम झालं.

मी लिहितेय ते साध्या हॉटेलांबद्दल, म्हणजे माणशी ५०० ते १५०० येनमध्ये पोट भरेल अशी, आणि शेवटी इझाकाया (दारूबरोबर खाणं मिळणारी जपानी ठिकाणं), तिथे जास्त लागतात. महागड्या ठिकाणांबद्दल यात काही नाही.

आधी जवळ काय काय ठेवायचं

- १००० येनच्या नोटा आणि थोडी चिल्लर. कार्ड सगळीकडे चालतं या भरवशावर राहू नका, छोट्या रामेनच्या (रश्श्यातल्या नूडल्सच्या) दुकानात अजूनही फक्त रोख असते.
- सुइका किंवा पास्मो सारखं आयसी कार्ड, म्हणजे ट्रेनचं प्रीपेड कार्ड (आमच्या नागोयाकडे मानाका), त्यात २-३ हजार येन भरलेले.
- फोनमध्ये कॅमेऱ्याने भाषांतर करणारं अ‍ॅप, आणि फोन पुरेसा चार्ज केलेला. आजकाल ऑर्डरच फोनवरून द्यावी लागते म्हणून हे महत्त्वाचं.
- जे खात नाही त्याची जपानीत लिहिलेली एक चिठ्ठी, फोटो काढून ठेवा. गाय, डुक्कर, कोंबडी, मासा, अंडं यांची चित्राक्षरं सुद्धा स्क्रीनशॉट करून ठेवा, एवढी पाच अक्षरं नजरेत बसली तरी खूप झालं.
- झाइऱ्यू कार्ड (रेसिडेन्स कार्ड). ते तसंही कायम जवळ ठेवणं बंधनकारक आहे, आणि दारू मागवताना वय विचारलं तर तेच दाखवायचं.

पेपे वगैरे क्यूआर पेमेंट सोयीचं आहे पण त्याला जपानी मोबाइल नंबर लागतो, त्यामुळे ते सिम मिळाल्यानंतरचं काम.

१. आत जायच्या आधी हॉटेलचा प्रकार ओळखा

हीच सगळ्यात मोठी पायरी, म्हणून इथे जरा वेळ घालवते.

ग्यूदोनची दुकानं: योशिनोया, सुकिया, मात्सुया. भातावर बीफचे पातळ काप, साधी वाटी ५०० येनच्या आसपास. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फास्ट. योशिनोया तर १८९९ पासून आहे, तोक्योच्या निहोन्बाशीतल्या मासळीबाजारात कामकऱ्यांसाठी सुरू झालेलं, आणि तो घाईचा स्वभाव अजून गेलेला नाही. लोक एकटे येतात, दहा मिनिटांत खातात, जातात. गप्पा मारायची ही जागा नव्हे. बीफ खात नसाल तर इथे पर्याय फार थोडे, मासा, पोर्क वगैरेचं ताट मिळतं.

फॅमिली रेस्टॉरंट, इथल्या भाषेत फामिरेसु: गुस्तो, सायझेरिया, डेनीज, रॉयल होस्ट वगैरे. नवीन माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं स्पष्ट मत. फोटोवाला मेनू, मोठी टेबलं, लहान मुलांची खुर्ची, कोणी घाई करत नाही. गुस्तोमध्ये मांजराच्या तोंडाचा रोबो जेवण घेऊन येतो, त्याने टेबलाशी थांबल्यावर ताट आपणच उचलून घ्यायचं आणि मग त्याला बटण दाबून परत पाठवायचं, नाहीतर तो बिचारा तिथेच उभा राहतो.

तेइशोकुची दुकानं: यायोइकेन, ओतोया. भात, मिसो सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ असं ताट. यायोइकेनमध्ये भात पाहिजे तेवढा परत घेता येतो, मशीनमधून. भात खाणाऱ्या मराठी माणसाला याहून जास्त काय पाहिजे.

सेल्फ सर्व्हिस उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स): मारुगामे सेइमेन, हानामारु. ट्रे घ्या, उदोन सांगा, पुढे सरकत सरकत तेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेले तुकडे, चिमट्याने उचला, शेवटी पैसे द्या. मारुगामेत कांद्याची पात आणि तळणीची कुरकुरीत चुरी फुकट असते, ती घ्यायला लाजू नका. जेवण झालं की ट्रे स्वतः परत ठेवायच्या खिडकीत नेऊन ठेवायचा.

रामेन: बहुतेक ठिकाणी काउंटरच्या खुर्च्या आणि दारात तिकीट मशीन. त्याबद्दल पुढे.

काइतेन सुशी: सुशिरो, कुरा सुशी, हामा सुशी. पट्ट्यावर फिरणाऱ्या बशा ही कल्पना १९५८ मध्ये ओसाकाच्या बाजूला निघाली, पण आता बऱ्याच शाखांमध्ये बशा नुसत्या फिरत नाहीत, टॅब्लेटवर ऑर्डर द्यायची आणि ती सरळ तुमच्या टेबलाशी येऊन थांबते. दुसऱ्याच्या ऑर्डरला हात लावू नका. टेबलावर एक काळं बटण असलेला नळ असतो, त्यातून उकळतं पाणी येतं, ते कपात चहाची पूड टाकून चहा करायला असतं. हात धुवायला नाही! मुलं बरोबर असतील तर त्यांना पहिल्यांदा हे सांगा.

आणि कॉफीची दुकानं. आमच्या नागोयाकडे सकाळी कॉफी मागवली की टोस्ट आणि उकडलेलं अंडं वेगळे पैसे न घेता देतात, याला मॉर्निंग म्हणतात. कोमेदा कॉफी मूळची इथलीच, १९६८ची, आता देशभर आहे आणि तिथे सकाळी ११ पर्यंत हे मिळतं. अंड्याऐवजी ओगुरा मागता येतं, म्हणजे गोड शिजवलेली लाल आझुकीची डाळ, चवीला थेट पुरणाच्या गावची. लोण्याच्या टोस्टवर ती फासून खाताना शाकाहारी माणसाला एकदम माहेरी आल्यासारखं होतं.

२. वेळ सांभाळा

दुपारचं जेवण साधारण ११ किंवा ११:३० ते २. त्यातला १२ ते १ हा ऑफिसवाल्यांचा तास, तो टाळता आला तर टाळा. २-३ नंतर लहान हॉटेलं चक्क बंद होतात आणि ५ वाजता परत उघडतात. रविवारी आरामात उठून साडेतीनला जेवायला बाहेर पडायची आपली सवय असेल तर त्या वेळी फामिरेसु आणि चेन दुकानंच उघडी सापडतील. "लास्ट ऑर्डर" बंद व्हायच्या अर्धा तास आधी असते, मॅपवर ९ लिहिलं असेल तर पावणेनऊला पोचून उपयोग नाही.

दुपारचा मेनू स्वस्त असतो हे लक्षात ठेवा. जे ताट रात्री १५०० ला तेच दुपारी हजारच्या आत मिळू शकतं. आणि फामिरेसुमध्ये रात्री उशिरा, बहुतेक ठिकाणी १० नंतर, बिलावर १० टक्के जादा लागतात, मेनूच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

३. दारात

आत पाय टाकला की सगळे एका सुरात "इराश्शाइमासे" ओरडतात. त्याला उत्तर द्यायचं नसतं, हसून मान हलवली तरी पुरे. मग विचारतात "नान्मेइ-सामा देसु का", म्हणजे किती जण. बोटं दाखवा, झालं.

गर्दी असेल तर दोन पद्धती. एक, टचस्क्रीनचं मशीन, माणसं किती ते दाबा, नंबरची चिठ्ठी घ्या. दोन, कागदावर नाव लिहायचं, ते काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत. इथे आपल्या आडनावांची गंमत होते, कुलकर्णी लिहायला गेलं तर "कुरुकारुनि" होतं आणि वेट्रेस ते वाचताना अडखळते, म्हणून दोन अक्षरांचं काहीतरी सोपं नाव ठरवून घ्या. जोशी, राणे, माने असाल तर तुमचं नशीब. नाव पुकारलं तेव्हा तुम्ही तिथे नसाल तर पुढच्याला बोलावतात, त्यामुळे लांब जाऊ नका.

रिकामी खुर्ची दिसली म्हणून सरळ जाऊन बसू नका, बसवेपर्यंत थांबायचं. अपवाद ग्यूदोन आणि सेल्फ सर्व्हिस.

अजून एक, दारावरचं सिगरेटचं स्टिकर बघा. १ एप्रिल २०२० पासून हॉटेलात आत धूम्रपानाला मुळात बंदी आहे, पण जुन्या लहान दुकानांना सवलत दिलेली आहे आणि काही ठिकाणी वेगळी खोली असते. जिथे आत सिगरेट चालते तिथे २० वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही, अगदी कडेवरच्या बाळाला सुद्धा. मुलं घेऊन निघालात तर आधी ते स्टिकर बघून मगच दार उघडा.

४. तिकीट मशीन आलं तर घाबरू नका

रामेन, काही ग्यूदोन, तेइशोकु, सोबा नूडल्सची दुकानं यांच्यात दारातच मशीन असतं. क्रम असा:

पहिले पैसे टाका, मग बटणं पेटतात. (नवीन टचस्क्रीनवर उलटं, आधी पदार्थ, मग पैसे.) बटण दाबा, तिकीट खाली पडतं. उरलेल्या पैशांसाठी वेगळा खटका किंवा बटण असतं, ते दाबायला बरेच लोक विसरतात आणि मागच्या माणसाला लॉटरी लागते. तिकीट काउंटरवर ठेवायचं, बस.

जुन्या मशीनवर नुसतं चित्राक्षरांचं बटणांचं भिंताड असतं. मागे रांग असताना कॅमेरा काढून वाचत बसायची लाज वाटते, म्हणून बाहेरच काचेतल्या फोटोवरून ठरवून या. काहीच कळत नसेल तर वरचं डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबा, दुकानाचा मुख्य पदार्थ बहुतेक वेळा तिथेच असतो. मात्र ही युक्ती फक्त सगळं खाणाऱ्यांसाठी!

बऱ्याच मशीनमध्ये फक्त १००० ची नोट जाते, म्हणून वर यादीत ती पहिली लिहिलीय. त्यात जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या आणि काही जुनी मशीनं त्या घेतच नाहीत. अडलात तर "र्‍योगाए ओनेगाइशिमासु" म्हणा, सुट्टे करून देतात.

५. ऑर्डर देणं

पाणी फुकट असतं, बर्फाचं, हिवाळ्यात सुद्धा. नको असेल तर "ओयु" म्हणजे गरम पाणी मागा, चहा असेल तर तो देतात. ओला रुमाल येतो तो हातासाठी.

टेबलावर बटण असेल तर ते दाबा. नसेल तर हात वर करून "सुमिमासेन" थोडं मोठ्याने. आपल्याला वाटतं ओरडणं असभ्य, इथे तसं नाही, उलट नुसतं वेटरच्या डोळ्यात डोळे घालायची वाट बघत बसलात तर उपाशी राहाल.

टॅब्लेट असेल तर कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण असतं, मोठ्या चेनमध्ये इंग्लिश मिळतंच. सायझेरियात टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करून मेनूतले चार आकडी नंबर फोनवर टाकायचे, बोलायचा प्रश्नच नाही. तिथे डोरिया (सॉस-चीज घालून भाजलेला भात) ३०० येनला मिळतो. विद्यार्थी लोक तिथे पडीक का असतात ते यावरून कळेल.

ड्रिंक बार घेतला तर कॉफी, सरबतं वगैरे पाहिजे तितक्या वेळा. पण तो माणशी असतो. चौघांत एक ड्रिंक बार घेऊन ग्लास फिरवायचा जुगाड कृपा करून करू नका, इथे ते सरळ फसवणूक धरतात आणि आपल्यामागून येणाऱ्या भारतीयांचं नाव खराब होतं ते वेगळं. तसंच बुफेमध्ये ताटात टाकून उठू नका, काही ठिकाणी उरलेल्याचे पैसे लावतात.

काही विचारल्यावर "दाइजोबु देसु" म्हणालात तर ते "नको" धरलं जातं. पाहिजे असेल तर "ओनेगाइशिमासु".

६. शाकाहारी असाल किंवा बीफ-पोर्क चालत नसेल तर

आता खरी अडचण. "व्हेजिटेरियन" हा शब्द इथल्या लोकांना माहीत आहे, पण त्यात मासा येत नाही हे सगळ्यांना माहीत नाही. आणि मासा दिसत नसला तरी असतो. मिसो सूप, उदोनचं पाणी, सोबा बुडवायचं त्सुयु, तेम्पुराची चटणी, ओकोनोमियाकीचं (कोबीच्या जाड धिरड्याचं) पीठ, उकडलेल्या भाज्या, या सगळ्याच्या तळाशी दाशी असते, आणि दाशी म्हणजे बहुतेक वेळा कात्सुओ माशाचे वाळवलेले कीस किंवा सुकी मासळी. सुशीच्या दुकानातली इनारी, ती तपकिरी तोफूची पिशवी, ती सुद्धा बऱ्याचदा दाशीतच शिजवलेली असते. जपानी करी बघून हायसं वाटतं पण तिच्या रश्श्याच्या वडीत (रू) बहुतेक वेळा बीफ किंवा पोर्कची चरबी आणि अर्क असतो. सॅलडवर बेकनचे तुकडे, पुडिंगमध्ये जिलेटिन. अंड्याचं तर विचारूच नका.

त्यामुळे आधी घरी बसून स्वतःशी ठरवा, आपली रेघ कुठे आहे. माझ्या ओळखीतले शाकाहारी तीन गटांत मोडतात: मांस-मासा दिसला नाही म्हणजे झालं म्हणणारे, दाशी चालते पण मांसाचा अर्क नको म्हणणारे, आणि काहीच नको म्हणणारे. तिन्ही ठीक आहेत, पण हॉटेलात बसल्यावर कुटुंबात यावर चर्चा सुरू झाली की वेटर बिचारा गुडघ्यावर बसून वाट बघत राहतो.

मग पुढचं:

अ) विचारायचं ते बसायच्या आधी. "निकु तो साकाना वा ताबेमासेन" म्हणजे मांस आणि मासा खात नाही. "दाशी मो दामे देसु" म्हणजे दाशीही नको. चिठ्ठी दाखवली तर अजून चांगलं. "मोउशिवाके गोझाइमासेन" असं म्हणत मान झुकवली तर तो नकार आहे, वाईट वाटून घेऊ नका आणि वाद घालू नका. सूप सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार झालेलं असतं, त्यातून मासा काढून देणं त्यांना शक्यच नसतं.

आ) नुसतं "निकु नुकी" म्हणजे मांस काढून द्या असं सांगितलं तर वरचे तुकडे काढून देतील, खालचा रस्सा तोच राहील. हा सगळ्यात नेहमीचा सापळा.

इ) चेन दुकानांच्या साइटवर अ‍ॅलर्जीचा तक्ता असतो, तो सोन्याचा आहे. त्यात अंडं, दूध तर असतंच, बऱ्याच चेन बीफ, पोर्क, चिकन, जिलेटिन पण दाखवतात. पण एक मेख आहे, या याद्यांमध्ये सामन आणि साबा मासा असतो, कात्सुओ नसतो. म्हणजे तक्त्यात सगळं कोरं दिसलं तरी दाशी असू शकते. बीफ-पोर्क टाळणाऱ्यांना तक्ता पुरेसा, कट्टर शाकाहाऱ्यांना अर्धाच.

ई) अ‍ॅलर्जी नसताना "आरेरुगी" म्हणून सांगू नका. लोकांना वाटतं त्याने काम पटकन होईल, होतं उलटं, दुकान जोखीम घेत नाही आणि काहीच वाढायला नकार देतं.

उ) बीफ टाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, हांबागु म्हणजे बिनपावाची जी टिक्की असते ती बहुतेक बीफ-पोर्कची मिसळलेली असते. आणि ओसाकाकडे मेनूवर नुसतं "निकु" लिहिलं असेल, निकु उदोन वगैरे, तर ते बीफच.

मग खायचं कुठे? कोको इचिबान्या या करीच्या चेनमध्ये बऱ्याच शाखांत प्राण्यांचे पदार्थ न वापरलेली वेगळी व्हेज करी मिळते, तिच्यावर पालक, वांगी वगैरे निवडून घ्या, भात किती आणि तिखट किती ते आकड्यांत सांगायचं. आकड्यांच्या बाबतीत मराठी बाणा दाखवायला जाऊ नका, पहिल्यांदा ३ वर थांबा. तळलेले टॉपिंग मात्र एकाच तेलातले, हे धरून चाला. दुधा-चीजचं चालत असेल तर सायझेरियातला मार्गेरिता पिझ्झा. तेम्पुरा भाज्यांचा घेतला तर चटणीऐवजी "शिओ दे", मीठ लावून, पण पिठात अंडं आणि तेलात कोळंबी हे गृहीत. तोक्यो स्टेशनच्या आत, गेटच्या आतल्या बाजूला, टीझ तान्तान नावाचं पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे, शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) पकडायच्या आधी तिथे जाऊन या, कारण खरं रामेन शाकाहारी माणसाला एरवी दुर्मिळच.

आणि कुठेच काही नाही जमलं तर नेपाळी मंडळींची "इंडियन" हॉटेलं, लहान गावात सुद्धा स्टेशनजवळ एखादं सापडतं. ताटाबाहेर लोंबणारा नान, गोडसर करी, केशरी ड्रेसिंगचं सॅलड. ही चव भारतातली नाही, इथलीच आहे, पण हिंदी चालते आणि "डाल में चिकन का स्टॉक तो नहीं?" हे बिनधास्त विचारता येतं. नानमध्ये अंडं असू शकतं, तेही विचारा. तोक्योत असाल तर निशि-कासाईला भारतीय वस्ती मोठी आहे, तिकडे डोसा-इडलीपर्यंत सगळं मिळतं. जैन जेवण किंवा कांदा-लसूण नसलेलं पाहिजे असेल तर अशाच ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून ठरवायचं, जपानी हॉटेलात तो प्रयत्न नकोच.

७. जेवताना

चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, आणि चॉपस्टिकने चॉपस्टिककडे घास देऊ नका. दोन्ही अंत्यविधीशी जोडलेलं आहे. बाकी नियमांचं लोक उगाच टेन्शन घेतात, काटा-चमचा मागितला तर सहज देतात. नूडल्स सुर्र आवाज करत खाल्ल्या तरी चालतं, वाटी हातात उचलून सूप प्यायलं तरी चालतं. फोनवर बोलणं मात्र बाहेर जाऊन.

पर्स, बॅग खाली टोपलीत ठेवायची, टेबलाखाली बघा. बाहेरचं खाणं-पिणं काढू नका, अगदी घरून आणलेली लोणच्याची बाटली सुद्धा. तान्ह्या बाळाचं खाणं असेल तर विचारून, ते बहुतेक चालतं. उरलेलं बऱ्याच ठिकाणी पार्सल करून देत नाहीत, अन्न बिघडलं तर जबाबदारी कोणाची म्हणून, तेव्हा बेताने मागवा आणि लागलं तर परत मागवा.

रामेनच्या दुकानात मागे रांग असेल तर खाऊन झाल्यावर उठा. फामिरेसुमध्ये दोन तास बसलात तरी कोणी काही म्हणत नाही, गर्दीच्या वेळी मात्र तिथेही वेळेची मर्यादा लावतात.

८. पैसे

टेबलावर पालथी किंवा नळकांड्यात खोचलेली बिलाची चिठ्ठी असते. ती घेऊन दाराजवळच्या काउंटरवर जायचं. वेगवेगळे द्यायचे असतील तर "बेत्सुबेत्सु दे", पण दुपारच्या गर्दीत बऱ्याच दुकानांत हे करत नाहीत, एकाने द्या आणि बाहेर हिशोब करा. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. टिप नाही. टेबलावर चिल्लर सोडून निघालात तर विसरलात समजून मागे धावत येतील.

कर: बसून खाल्लं तर १० टक्के, पार्सल नेलं तर ८, ऑक्टोबर २०१९ पासून असं आहे. मेनूवर कधीकधी दोन किमती दिसतात, मोठ्या अक्षरातली कर सोडून आणि बारीक अक्षरातली करासकट. द्यायची असते ती बारीक.

निघताना "गोचिसोसामा देशिता". एवढं एक वाक्य पाठ करा, आतला स्वयंपाकीसुद्धा मान वर करून हसतो.

९. इझाकाया, म्हणजे ऑफिसचं लचांड

कधी ना कधी टीमबरोबर जावंच लागतं. बसल्या बसल्या न मागवलेली एक छोटी वाटी येते, तिला ओतोशी म्हणतात, तिचे साधारण ३०० ते ५०० येन माणशी बिलात लागतात. ही लूट नाही, बसायचं भाडं समजा. ती परत करायला भांडू नका, बहुतेक ठिकाणी ऐकत नाहीत. शिवाय त्यात मासा असायची शक्यता भरपूर, शाकाहारी असाल तर शेजारच्याला द्या.

नोमिहोदाइ म्हणजे ठराविक वेळ, सहसा दोन तास, पाहिजे तेवढं पिणं. टेबलावरच्या सगळ्यांना घ्यावं लागतं, "मी घेतो, हा घेणार नाही" चालत नाही. न पिणाऱ्याला त्यात ऊलोंग चहा आणि कोला मिळतो, आणि बिल समान वाटलं जातं, ३-४ हजार तयार ठेवा. टीममध्ये जो बुकिंग करतोय त्याला दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवा की तुम्ही काय खात नाही, कोर्स ठरलेला असेल तर ऐनवेळी काही बदलत नाही. तरीही एदामामे (उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा), तळलेले बटाटे, काकडी एवढ्यावर रात्र निघू शकते, म्हणून जायच्या आधी घरी थोडं खाऊन जाणं हाच पक्का उपाय.

दारू २० वर्षांपासून. सज्ञान वय २०२२ मध्ये १८ झालं पण हे तसंच राहिलं, नवीन आलेल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवा. आणि पिऊन सायकल सुद्धा चालवायची नाही, नोव्हेंबर २०२४ पासून त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड आहे. पोलिसांची भानगड व्हिसाला महागात पडू शकते. सायकल स्टेशनवर ठेवा आणि चालत घरी या.

स्वतः बुकिंग केलंत, वाढदिवस वगैरेला दहा जणांचं, आणि जमणार नसेल तर फोन करून रद्द करा. नुसतं न जाणं इथे फार वाईट समजतात, आणि कोर्स ठरवला असेल तर पूर्ण पैसे मागू शकतात. माणसं कमी झाली तरी आदल्या दिवशीच कळवा. आपल्याकडे "आठ-दहा जण येऊ" चालतं, इथे आठ की दहा ते सांगावं लागतं.